मदत हवी आहे: खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या खाण्याबद्दल

नमस्कार मंडळी, इंदूरमधल्या कोणी स्पोर्ट्सवाल्या मुलांचे आई-बाबा आहेत का इथे? माझी लेक कॉलेजच्या खो-खो टीममध्ये आहे, वजन ५२ किलो, सकाळी साडेपाचला उपाशीपोटी ग्राउंडवर पळते आणि परत येताना सगळी गँग पोहे-जलेबी हाणते, शनिवारी रात्री सराफा बाजारातलं चटपटीत खाणं आहेच (तिथला मक्याचा भुट्टे का कीस मलाही सुटत नाही, ते सोडा). घरी वरण-भात, पोळी-भाजी. परवा प्रॅक्टिसमध्ये चक्कर आली, हिमोग्लोबिन ९.८ निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि जेवणानंतर लगेच चहा बंद सांगितलाय, तेवढं कळलं. पण प्रोटीनचं काय? खेळाडूंना किलोमागे १.२ ते २ ग्रॅम लागतं म्हणे, म्हणजे हिला रोज साठेक ग्रॅम तरी हवं, आणि आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, सासूबाई आहेत. कोच म्हणतात पावडर घ्या, मला भीती की त्यात काही बंदी असलेलं निघालं आणि डोप टेस्ट झाली तर? सोयाबीन वडी, पनीर, सत्तू यावर भागतं का? पहाटे पळायच्या आधी काय देता तुम्ही? केळं दिलं तर म्हणते पोटात डचमळतं.