मदत हवी आहे: आत्याचं 'मानसिक क्षमतेचं सर्टिफिकेट' इंदूरमध्ये कोण देतं? तातडीचं आहे

राजेंद्रनगरवाला
आत्या 81 वर्षांची, एकटी राहते. तिला आता काही कळत नाही. दिराचा मुलगा रामबागेतलं घर दानपत्राने स्वतःच्या नावावर करून घेतोय, गुरुवारी रजिस्ट्री आहे. आत्या सही करण्याच्या अवस्थेत नाही, असं सर्टिफिकेट मला बुधवारपर्यंत हवं. एम.वाय. रुग्णालयात मिळेल की बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात? फक्त कोणाकडे जायचं ते सांगा.

जुनी_फाईल
'काही कळत नाही' म्हणजे काय? माणसं ओळखते का, पैसे मोजते का, आजाराचं निदान झालंय का? घर तिच्या एकटीच्या नावावर आहे का? मूलबाळ? आणि हे सगळं कधीपासून? एवढं कळल्याशिवाय कोणाकडे जायचं ते सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगते: 'ही व्यक्ती अक्षम आहे' असं सरसकट सर्टिफिकेट कायद्यात नाही. क्षमता त्या एका निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती बघतात. 1872 च्या करार कायद्याचं कलम 12 तेच विचारतं: करार करताना तो समजत होता का, आणि आपल्या हिताचा विचार करून ठरवता येत होतं का?

राजेंद्रनगरवाला
घर तिच्याच नावावर. मूलबाळ नाही. निदान कशाला हवं, वय झालंय, स्मृतिभ्रंश आहे.

पेन्शनवाले_काका
फॅमिली पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका. बोटांचे ठसे घासले असतील तर जीवन प्रमाण ॲपवर चेहऱ्यावरूनही होतो. आणि सही जमत नसेल तर बँकेत अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी.

तिसरा_मजला
काका, अंगठ्याचा उपाय हात थरथरणाऱ्याला आहे. व्यवहारच समजत नसेल तर अंगठ्याने काम होत नाही. राजेंद्रनगरवाला, सरळ उपाय सांगतो: आत्याकडून तुमच्या नावाने मुखत्यारपत्र करून घ्या, मग पुतण्याला काही करता येणार नाही.

जुनी_फाईल
हे अजिबात करू नका. आत्याला समजत नसेल तर ती मुखत्यारपत्रही देऊ शकत नाही. आधीचं असलं तरी करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की ते संपतं. क्षमता गेल्यावरही चालू राहील असं मुखत्यारपत्र आपल्याकडे नाही. शिवाय गुरुवारच्या दानपत्रासाठी ती अक्षम आणि बुधवारच्या मुखत्यारपत्रासाठी सक्षम, हे कोर्टात कसं सांगणार?

माळव्यातली_मनू
कलेक्टरकडे पालकत्वाचा अर्ज करा, मोती तबेल्याला. नॅशनल ट्रस्टची समिती असते.

जुनी_फाईल
1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे. म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाला तो लागत नाही. पूर्वी 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकायचं. 2017 च्या कायद्याने तो रद्द झाला आणि नव्यात ते प्रकरणच नाही. उरतात दोन वाटा: 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 14 खाली ठराविक निर्णयापुरतं मर्यादित पालकत्व, नाहीतर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 ची याचिका. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी पालक नेमण्याची पद्धत घालून दिली ती याच अनुच्छेदाखाली. दोन्हीपैकी काहीही गुरुवारपर्यंत होणार नाही.

तिसरा_मजला
मग एमएमएसई, म्हणजे स्मरण-आकलनाची 30 गुणांची चाचणी, करून घ्या. 30 पैकी 14-15 आले की प्रश्न मिटला.

डॉ_निशिगंध
नाही मिटत. ती चाळणी आहे. शिक्षण, ऐकू येणं आणि भाषा या तिन्हींनी गुण खाली-वर होतात. 14 गुणांचा माणूस कधी कधी 'घर कोणाला द्यायचं' हे नीट सांगतो, आणि 25 वाला महिना दीड हजार व्याजाच्या आमिषाला फसतो. इंदूरच्या मराठी घरात आणखी एक गंमत नव्हे, खरी अडचण येते. 'आज तारीख काय, महिना कोणता' विचारलं की या वयाच्या बायका तिथी सांगतात. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. आजी बरोबर 'श्रावण वद्य' म्हणतात आणि विचारणारा हिंदी भाषिक डॉक्टर 'भाद्रपद चालू आहे' म्हणून गुण कापतो. तपासणी मराठीत व्हावी, किंवा दुभाषा असावा. तो दुभाषा भाचा किंवा पुतण्या नसावा.

राजेंद्रनगरवाला, माझा प्रश्न राहिलाच: हे हळूहळू वाढत गेलं की अचानक?

राजेंद्रनगरवाला
श्रावणापर्यंत बरी होती, भाजीवाल्याचा हिशेब तोंडी करायची. गेल्या पंधरा दिवसांत बिघडलं. दिवसभर पेंगते, संध्याकाळी असंबद्ध बोलते, सकाळी कधी कधी एकदम नीट. पण मूळ प्रश्न सर्टिफिकेटचा आहे.

डॉ_निशिगंध
पडली होती का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?

राजेंद्रनगरवाला
महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरली. डोक्याला टेंगूळ आलं, तेवढंच. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आहे. झोपेचीही आहे.

डॉ_निशिगंध
सर्टिफिकेट बाजूला ठेवा. आजच मेंदूचा सीटी स्कॅन करा. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, कवटीलगतच्या शिरा ताणलेल्या असतात. साध्या धक्क्याने एखादी फाटते आणि दोन-तीन आठवडे हळूहळू रक्त साचत जातं. वरून रक्त पातळ करायची गोळी. पेंग, गोंधळ, चालताना एका बाजूला झोक जाणं ही त्याचीच लक्षणं. चांगला अर्धा-पाऊण महिना हे 'वय झालं' म्हणून खपून जातं. स्मृतिभ्रंश पंधरा दिवसांत येत नाही. सकाळी नीट, संध्याकाळी गोंधळ, हा तात्पुरता भ्रमही असू शकतो. त्यामागे लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठ किंवा झोपेची गोळी असते. सोडियम, साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड, बी-12 आणि लघवीची तपासणी एकदमच करून घ्या. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

माळव्यातली_मनू
तपासण्या होईपर्यंत गुरुवार उजाडेल. रजिस्ट्रीचं काय?

जुनी_फाईल
नोंदणी कायद्याचं कलम 35 आहे. दस्त करून देणारी व्यक्ती मनाने शाबूत नाही असं दिसलं तर उपपंजीयकाने (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने) नोंदणी नाकारायचीच असते. उद्या लेखी अर्ज द्या: आत्याचं नाव, घराचा पत्ता, पडल्याची तारीख, सीटीची चिठ्ठी जोडलेली, आणि 'यांना एकटीला, मराठीत प्रश्न विचारून खात्री करावी' ही विनंती. पोच घ्या. तिऱ्हाइताच्या अर्जाने अधिकाऱ्यावर बंधन येतंच असं नाही, पण 'मला माहीत नव्हतं' ही सबब राहत नाही. संपदा 2.0 ही मध्यप्रदेशची ऑनलाइन नोंदणी प्रणाली आल्यापासून काही दस्त व्हिडिओ ओळख पटवून घरबसल्याही होतात, म्हणून आत्याचा आधारचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते आधी बघा. तरीही रजिस्ट्री झालीच तर नगर निगमात नामांतरणावर (मालकाचं नाव बदलण्यावर) हरकत घाला. दिवाणी दावा आत्याच्याच नावाने लागतो, तिच्यातर्फे हितचिंतक उभा राहतो: दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 32, नियम 15. त्यासाठी ती आधीपासून वेडी ठरलेली असावी लागत नाही, न्यायालय स्वतः चौकशी करतं. मनाई हुकूम त्यातच मागायचा. दस्त रद्द करण्याची मुदत, हकीकत कळल्यापासून 3 वर्षं.

आता एक स्पष्ट विचारते. घर आत्याकडेच राहिलं तर पुढे कोणाला मिळणार?

राजेंद्रनगरवाला
मृत्युपत्रात माझं नाव आहे. त्याचा इथे काय संबंध?

तिसरा_मजला
संबंध मोठा आहे. पुतण्या उद्या हेच म्हणेल.

जुनी_फाईल
म्हणून हितचिंतक म्हणून तुम्ही उभे राहू नका, ज्याला घरातून काहीच मिळायचं नाही असा नातेवाईक शोधा. अर्जात मृत्युपत्राची गोष्ट स्वतःहून लिहा. लपवलीत तर तुमचा खरा मुद्दाही संशयात जाईल. ती 'कायमची वेडी' वगैरे कुठेही लिहू नका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 3 सांगतं की मानसिक आजार आहे एवढ्यावरून मन शाबूत नाही असं ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवायचं. आणि त्या शिक्क्याने उद्या तिचं पेन्शनचं खातंसुद्धा अडकेल.

माळव्यातली_मनू
ज्येष्ठ नागरिक कायदा? एसडीएमकडे?

जुनी_फाईल
2007 च्या कायद्याचं कलम 23 दस्त झाल्यावर कामाला येतं: सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही तर हस्तांतर रद्द. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये मध्यप्रदेशातल्याच एका आईचं दानपत्र रद्द करून ताबाही परत द्यायला सांगितलं. कोणी तिला धमकावत किंवा कोंडत असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन, एल्डरलाइन 14567.

राजेंद्रनगरवाला
सीटी झाला. डाव्या बाजूला जुनं रक्त साचलंय. भरती केलंय, न्यूरोसर्जन उद्या बघतील. उपपंजीयकांकडे अर्ज दिला, मृत्युपत्राचंही लिहिलं, पोच मिळाली. पुतण्याने गुरुवार रद्द केला. आता क्षमतेची तपासणी इथेच दवाखान्यात उरकून घेऊ का?

डॉ_निशिगंध
नको. रक्त काढल्यावरही गोंधळ काही दिवस राहतो. घरी येऊन स्थिर होऊ दे, काही आठवड्यांनी सकाळच्या वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. तुम्ही आणि पुतण्या दोघेही खोलीबाहेर. प्रश्न त्या व्यवहाराचेच असावेत: घर कोणाचं आहे? दिलं की परत मागता येतं का? मग तुम्ही कुठे राहाल? भाडेकरू असेल तर त्याचं भाडं कोणाच्या हातात जाईल? पुतण्याने नाही विचारलं तर काय कराल? हे समजावून सांगून दहा-पंधरा मिनिटं दुसरं बोलायचं आणि पुन्हा विचारायचं, 'मघाशी आपण काय ठरवत होतो, तुमच्या शब्दांत सांगा'. अहवालात गुणांपेक्षा तिची उत्तरं जशीच्या तशी हवीत, सोबत तारीख, वेळ, भाषा, खोलीत कोण होतं ते. तपासणी वेगळ्या दिवशी दुसऱ्यांदा झाली तर उत्तम. नीट समजून 'घर पुतण्यालाच द्यायचं' म्हणाली, तर तो निर्णय तिचा.

राजेंद्रनगरवाला
मान्य आहे. तिला ऐकायलाही कमी येतं, हे सांगायचं राहिलं.

डॉ_निशिगंध
मग श्रवणयंत्राचे सेल त्या दिवशी नवे घाला. आकार जुन्या सेलच्या चिकटपट्टीवरून ओळखा: तपकिरी म्हणजे 312, नारिंगी म्हणजे 13. पट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मगच बसवा. चष्माही बरोबर घ्या.