रनिंग बॅकचा संयम की बिचकणं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमेरिकन फुटबॉल कळणारे इथे कमी असतील, पण असाल तर जरूर लिहा.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा नववीत, शाळेच्या ज्युनिअर संघात रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. लेव्हिऑन बेल हा त्याचा देव. पिट्सबर्ग स्टीलर्सकडून खेळताना बेल हँडऑफ (हातात दिलेला चेंडू) घेऊन ब्लॉकर्सच्या, म्हणजे वाट मोकळी करणाऱ्या सहकाऱ्यांच्या, मागे जवळजवळ थबकायचा आणि फट दिसली की सुसाट सुटायचा. 2016 च्या मोसमात त्याने 12 सामन्यांत 1268 यार्ड काढले, प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध एकाच सामन्यात 170. पोराने ते व्हिडिओ पाठ केलेत. आता तोही थांबतो, पण ब्लॉकर्सच्या लाइनमागेच आडवा होतो. कोच म्हणतात, बिचकतोस. तो म्हणतो, मी वाट बघत होतो. शनिवारी गाडीत रडला हो.

मी क्रिकेटवर वाढलेला. चेंडू उशिरा खेळणं वेगळं आणि पाय न हलणं वेगळं, हे बॅटिंगमध्ये मला लगेच दिसतं, इथे नाही. फोनवरचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. बेलची पावलं छोटी होतात पण चालू राहतात, आमच्याकडे ती खिळतात. माझं निदान बरोबर आहे का?

आणि 2019 मध्ये बेल न्यूयॉर्क जेट्सकडे गेला तेव्हा त्याची दर रनमागची सरासरी 3.2 यार्डांवर आली. मग स्टीलर्सच्या पाउन्सी, डीकॅस्ट्रो यांच्यासारखे ब्लॉकर पुढे नसतील तर नववीच्या पोराने हे शिकावं तरी का?

प्रतिसाद

निदान बरोबर वाटतं. माझा मुलगा चार वर्षं याच जागी खेळला. गार्ड (लाइनमधला एक ब्लॉकर) बाजूने फिरून पुढे येणार असेल, तर त्याच्यासाठी थांबावंच लागतं. एक यार्ड हवा असताना थांबायचं नाही. चित्रण थांबवून त्याला विचारा, "इथे कुणाकडे बघत होतास?" अमुक लाइनबॅकरकडे (समोरच्या लाइनमागचा बचावपटू) म्हणाला तर तो संयम. "फट शोधत होतो" म्हणाला तर बिचकला. शाळेत ब्लॉक फार वेळ टिकत नाहीत, तेवढ्यात निर्णय व्हायला हवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. आत्ताच विचारलं. तीनपैकी एका रनला त्याने लाइनबॅकरचा नंबर सांगितला, दोनांना गप्प बसला. मग स्वतःच म्हणाला, सोमवारी कोचना विचारतो, कुठल्या रनला थांबायचं ते.