'प्रायमरी' डोमेन कंट्रोलर झोपला : प्राथमिक म्हणायचं की मुख्य?

शंकासुर :
मंडळी, मदत हवीये. मागच्या आठवड्यात आमचा प्रायमरी डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड तपासून आत सोडणारा सर्व्हर, गेला, सकाळी कुणालाच लॉगऑन होईना, नुसता गोंधळ, आणि आता साहेब म्हणतात परत असं झालं तर काय करायचं त्याचं एक पान मराठीत लिहून भिंतीला लाव. मी सुरुवात केली "प्राथमिक अधिक्षेत्र नियंत्रक अकार्यान्वित झाल्यास" आणि शेजारच्याने वाचून विचारलं की हे परिपत्रक कुठून आलं. तर प्रायमरीला काय म्हणू, डाउनला काय, लॉगऑन फेल्युअरला काय? आणि दुसरा कंट्रोलर चालू असूनही लोक का अडकले तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

कळफलक :
प्राथमिक अजिबात नको. मराठीत प्राथमिक म्हणजे पहिल्या पायरीचं, प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार, प्राथमिक चौकशी, खरं काम पुढे व्हायचंय असा वास येतो त्याला. मुख्य लिहा. डोमेन कंट्रोलर तसंच ठेवा, अधिक्षेत्र नियंत्रक वाचून कुणी सर्व्हर रूमकडे धावणार नाही.

जुनाजाणता :
मुख्य म्हणा नाहीतर प्राथमिक म्हणा, घोळ त्या शब्दातच आहे. विंडोज एनटीच्या काळात खरोखर एक पीडीसी म्हणजे प्रायमरी डोमेन कंट्रोलर आणि बाकीचे बीडीसी म्हणजे बॅकअपवाले असायचे. खात्यांच्या यादीत बदल फक्त पीडीसीवर व्हायचे, बीडीसीकडे तिची वाचायपुरती प्रत. पण गंमत बघा, तेव्हासुद्धा पीडीसी पडला तर लॉगऑन बंद पडत नसे, बीडीसी लोकांना आत घ्यायचा. अडायचं ते पासवर्ड बदलणं आणि नवीन खातं उघडणं, मग एखाद्या बीडीसीला बढती द्यायची. २००० साली विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही खात्यांच्या यादीची नवी व्यवस्था आली आणि सगळेच कंट्रोलर लिहायला लागले. प्रायमरी असं काही उरलंच नाही, उरली ती पीडीसी इम्युलेटर नावाची भूमिका, पाच खास भूमिकांपैकी एक. इम्युलेटर म्हणजे सोंग घेणारा हो, जुन्या मशिनींना वाटावं की पीडीसी अजून आहे. तुम्ही पानावर "मुख्य कंट्रोलर बंद पडल्याने लॉगऑन होत नाही" लिहिलंत की पहिल्याच ओळीत माणूस वाट चुकला.

शंकासुर :
काका, मग आमचे लोक का अडकले? आम्ही तर सगळेच बोलताना प्रायमरी म्हणतो.

जुनाजाणता :
बोलताना मीही म्हणतो, सवय. आधी सांगा स्क्रीनवर नेमकं काय आलं होतं? पासवर्ड चुकीचा आहे, की लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही?

शंकासुर :
बहुतेकांना सर्व्हर उपलब्ध नाही. दोघातिघांना मात्र पासवर्ड चुकीचा. आणि काही जण तर आत गेले पण शेअर फोल्डर उघडेना.

कळफलक :
बघा, इथेच खरी शब्दचर्चा आहे! "लॉगिन होत नाही" या एका वाक्यात तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. दार सापडलं नाही ते वेगळं, दारावर नाही म्हटलं ते वेगळं, आत जाऊन अडकलं ते वेगळं. पहिल्याला "सर्व्हर सापडत नाही" आणि दुसऱ्याला "लॉगऑन नाकारलं" असं लिहा, फेल्युअरसाठी "अपयश" नको, परीक्षेच्या निकालासारखं वाटतं.

जुनाजाणता :
+१. आता कारणं. सर्व्हर सापडत नाही म्हणजे नव्वद टक्के वेळा, असं मी म्हणतोय, मोजलेलं नाही, डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा. क्लायंट मशीन, म्हणजे लोकांचा पीसी, डोमेन कंट्रोलर कुठाय हे डीएनएसला विचारतं, तिथल्या एसआरव्ही नोंदी (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या) वाचतं. तुमच्या सगळ्या मशिनींमध्ये डीएनएस म्हणून फक्त त्या पडलेल्या कंट्रोलरचा पत्ता भरलेला असणार. दुसरा कंट्रोलर शेजारी ठणठणीत उभा, पण त्याचा पत्ता सांगणाराच गेलेला. इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या वहीत, नेटलॉगॉन या लॉगऑन सेवेची ५७१९ क्रमांकाची नोंद दिसली असेल बघा. क्लायंटवर डीएनएसचे दोन पत्ते हवेत, दोन्ही आपल्या कंट्रोलरचे, बाहेरचा सार्वजनिक डीएनएस दुसरा म्हणून भरू नका, त्याला तुमचं डोमेन ठाऊकच नसतं. मग एनएलटेस्ट या कमांडच्या डीएसगेटडीसी स्विचने विचारा, कुठला कंट्रोलर मिळतो ते कळतं.

पासवर्ड चुकीचा आलेल्यांनी आदल्या दिवशी पासवर्ड बदलला होता का विचारा. बदललेला पासवर्ड घाईने इम्युलेटरकडे पोचवला जातो, आणि दुसऱ्या कंट्रोलरला पासवर्ड जुळला नाही की तो नकार द्यायच्या आधी इम्युलेटरला विचारून घेतो. इम्युलेटरच नाही तर विचारणार कुणाला, दिला नकार. हा एक प्रकार मात्र खरंच तुमच्या "प्रायमरी"चा.

शंकासुर :
हो हो, दोघांनी बदलला होता! आणि आत जाऊन अडकलेले?

जुनाजाणता :
ते आठवणीवर आत गेले. विंडोज आधी येऊन गेलेल्यांची ओळख मशिनीतच जपून ठेवतं, मूळ सेटिंग १० जणांचं. डोमेनशी गाठ पडलेलीच नसते, म्हणून शेअर उघडत नाही. अशा वेळी, कुठल्या कंट्रोलरने आत घेतलं ते सांगणारा लॉगऑनसर्व्हर व्हेरिएबल जुन्याच कंट्रोलरचं नाव दाखवू शकतो, त्यावर भरवसा नको. शेअर फोल्डर आपोआप जोडणाऱ्या ड्राइव्ह मॅपिंगच्या स्क्रिप्टमध्ये पडलेल्या सर्व्हरचं नाव थेट लिहिलंय का तेही बघा.

कळफलक :
कॅश्ड लॉगऑनला "आठवणीवर लॉगऑन", मस्त आहे, मी ढापणार. डाउनसाठी "बंद पडला" लिहा, "बंद आहे" नको. बंद आहे म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केला असाही अर्थ निघतो. बोलताना झोपला, बसला, मान टाकली, काहीही. आणि ट्रबलशूटिंगला निदान. मराठीत निदानचे दोन अर्थ, रोग ओळखणं आणि "कमीत कमी", दोन्ही इथे चालतात, निदान पिंग तरी करून बघा :)

शंकासुर :
हाहा. शेवटचं, पडलेल्या कंट्रोलरची खास भूमिका दुसऱ्याकडे नेण्याचे दोन प्रकार, सीझ आणि ट्रान्सफर, दोन्हीला "भूमिका हलवणे" लिहिलं तर?

जुनाजाणता :
नको नको. ट्रान्सफरला दोन्ही कंट्रोलर जिवंत लागतात, एक देतो दुसरा घेतो, ती "सोपवणं". सीझ म्हणजे मालक बेपत्ता असताना "ताबा घेणं". पीडीसी इम्युलेटरचा ताबा घेतला आणि जुना सर्व्हर नंतर परत उभा राहिला तरी निभावतं, पण रिड मास्टर (नव्या खात्यांचे क्रमांक वाटणारा) किंवा स्कीमा मास्टर (डिरेक्टरीचा आराखडा सांभाळणारा) या भूमिकांचा ताबा घेतला असेल तर जुन्याला पुन्हा नेटवर्कवर आणायचं नाही. सर्व्हर तासाभरात उठणार असेल तर ताब्याच्या भानगडीत पडूच नका.

शंकासुर :
पानाची पहिली ओळ बदलली : "लॉगऑन होत नसेल तर आधी स्क्रीनवरचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या." प्रायमरी शब्द काढून टाकला, साहेब विचारतायत की मग पडलं काय होतं.