पूर ओसरल्यावर मदतीला जाताना काय न्यावे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): कोकणात पूर आल्यास आमच्या सोसायटीतील दहा-बारा जण मदतीला जाणार आहेत. जुने कपडे गोळा करावेत का?

उत्तर (ऐरोली): २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही चिपळूणला गेलो, तेव्हा कपड्यांचे ढीग पडूनच होते, कमतरता होती ती फावडी, घमेली आणि राबणाऱ्या हातांची. चिखल ओला असतानाच काढावा, वाळला की फार जड जातो. एका आजींच्या स्वयंपाकघरातला गाळ उपसताना घमेल्यात पितळी ताम्हन आले. त्यांनी ते पदराने पुसले आणि कितीतरी वेळ हातातच धरून ठेवले. विचारल्याशिवाय काहीही फेकू नये, ही कळकळीची विनंती.

उत्तर (वाशी): गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून पायाला जखम असलेल्याने चिखलात उतरू नये आणि प्रतिबंधक गोळीविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. पाणी व डबा स्वतःचा न्यावा. पंचनामा झाला नसेल, तर सामान हलवण्यापूर्वी घरमालकांना छायाचित्रे काढून द्यावीत. भरपाईच्या वेळी ती उपयोगी पडतात.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. कपड्यांचे आवाहन आजच मागे घेऊन फावड्यांसाठी वर्गणी काढतो.