बाळाच्या पापणीवरचा लाल डाग: थांबायचं की औषध सुरू करायचं?

दोन लेकींची आई, मानेवाडा
"मोठं झालं की जातो" हे प्रत्येक लाल डागाला लावू नका, असं माझं ठाम मत आहे. माझ्या भाचीच्या पापणीवर आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. दीड महिन्यात तो बोराएवढा फुगला आणि अर्धा डोळा झाकला गेला. नागपुरात धंतोलीतल्या बालरोगतज्ज्ञांनी हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, सांगून प्रोप्रॅनोलॉल हे औषध सुचवलं. घरचे म्हणतात, वर्षभर थांबा. पण डोळा झाकलेलाच राहिला तर नजर कायमची अधू होते. मग पुढे डाग गेला तरी काय उपयोग?

महालचे आजोबा
बाई, माझ्या नातवाच्या पाठीवर असाच होता. काहीच केलं नाही. चार वर्षांत फिका पडला, आता हात फिरवला तर जराशी सैल कातडी लागते. प्रोप्रॅनोलॉल मी स्वतः बीपीसाठी घेत होतो. ते तान्ह्या लेकराला द्यायला मन धजत नाही.

वॉर्डातली सिस्टर
आजोबा, पाठीवरचा होता, थांबलात ते बरोबरच. पापणी, नाक, ओठ इथे मात्र थांबणं महागात पडतं. जबड्यावर दाढीसारखा पसरला तर श्वासनलिकेतही असू शकतो. वाढ सर्वांत वेगानं होते ती पाचव्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे आत्ताच.

प्रोप्रॅनोलॉल फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी हृदयाच्या त्रासासाठी दिलं, तेव्हा डाग ओसरताना दिसले, आणि 2008 साली त्यांनी ते जाहीर केलं. खरी भीती रक्तातली साखर उतरण्याची. म्हणून दूध पाजूनच डोस द्यायचा. आपल्याकडच्या मे महिन्यात हगवण लागली, बाळ दूध ओढेना, तर डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. छातीत घरघर असली तरी तेच.

लेझरवाली आई, प्रतापनगर
माझ्या लेकीचा गालावरचा डाग जन्मापासून सपाट, जांभळट. "ग्रहणाचा आहे, जाईल" असं सासरी म्हणत राहिले आणि मी तीन वर्षं वाट पाहिली. तो पोर्ट वाइन डाग, म्हणजे रुंदावलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा जन्मजात डाग, निघाला. तो आपोआप जात नाही, वयाबरोबर गडद होतो. त्याला प्रोप्रॅनोलॉल नाही, पल्स्ड डाय लेझर लागतं, तेही बऱ्याच सिटिंग. कपाळावर, पापणीवर असेल तर काचबिंदू आणि झटक्यांसाठीही तपासतात. ती तीन वर्षं मला अजून सलतात.

महालचे आजोबा
पापणीचं पटलं. पण पोटावरच्या छोट्या ठिपक्यालाही सहा महिने औषध द्यायला माझा विरोधच राहील.

दोन लेकींची आई, मानेवाडा
त्याला माझाही आहे, आजोबा. भाचीला उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतोय. ठोके आणि बीपी तपासून पहिला डोस दवाखान्यातच देणार आहेत.