‘शेअर’ केलेलं उद्दिष्ट : वाटलेलं की सामाईक?

भोसरीतल्या एका कारखान्याचं नियोजनाचं सॉफ्टवेअर मी मराठीत आणते आहे. उत्पादन, खरेदी, देखभाल, डिस्पॅच हे सगळे विभाग आपापली वर्षाची उद्दिष्टं त्यात भरतात. बाकीच्या शब्दांचं काही ना काही जमलं. ‘शेअर’वर मात्र मी चुकले, आणि चूक शब्दापुरती राहिली नाही.

एका विभागाचं उद्दिष्ट दुसऱ्याच्या यादीतही दिसावं म्हणून एक बटण आहे. त्यावर मी ‘उद्दिष्ट वाटा’ असं लिहिलं. चाचणीत भंगार आणि दुरुस्तीचा खर्च 12 लाखांनी कमी करायचं उद्दिष्ट तीन विभागांकडे गेलं. खरेदीच्या साहेबांनी बटण वाचलं आणि आपल्या रकान्यात 4 लाख भरले. त्यांचं काय चुकलं? ‘वाटा’ म्हटल्यावर माणूस वाटणीच करणार. पेढे वाटले की डबा रिकामा होतो, जमीन वाटली की प्रत्येकाचा तुकडा लहान होतो. उत्पादन आणि देखभाल या दोघांनी 12 लाखच ठेवले, पण आपापली वेगळी नोंद करून. वरच्या स्क्रीनवर बेरीज आली 28 लाख.

बटणाचा हेतू निराळा होता. उद्दिष्ट एकच, एकाच जागी ठेवलेलं. आकडा तिथे बदलला की तिघांच्याही यादीत बदलतो, आणि बेरजेत तो एकदाच धरला जातो. याला आपल्याकडे जुना शब्द आहे : सामाईक. सातबारावरची सामाईक विहीर घ्या, किंवा पेठेतल्या दोन वाड्यांमधली सामाईक भिंत. दोन्ही घरं त्या भिंतीवर उभी असतात, ती मधोमध चिरून कुणी अर्धी घेत नाही. शाळेत मसावि शिकलो तेही हेच. 12 आणि 18 यांचा सामाईक विभाजक 6. तो बारातही पुरा सहा असतो आणि अठरातही पुरा सहा. तीन-तीन होऊन बसत नाही.

वाटणी कायम चूक असते असं नाही. नग, टन, रुपये वाटता येतात. पण ‘95 टक्के ऑर्डरी वेळेवर’ हे तीन विभागांत कसं वाटणार? म्हणून आता दोन बटणं हवीत असं माझं मत आहे : ‘वाटून द्या’ आणि ‘सामाईक करा’. अनेक ॲपमध्ये ‘सामायिक’ असं दिसतं. ते रूपही रुळलेलं आहे, पण जैन घरांत सामायिक म्हणजे 48 मिनिटांची साधना, म्हणून मी ‘सामाईक’च लिहीन.

अडलंय ते ‘मेझर’ला, म्हणजे उद्दिष्ट किती गाठलं हे ज्यावरून मोजायचं त्याला. ‘माप’ घेतलं तर मशीन शॉपमध्ये ते व्हर्नियरवरचं, म्हणजे नगाच्या लांबी-जाडीचं माप होतं; ‘माप चुकलं’ म्हणजे नग बाद. ‘निकष’ मुळात सोनं घासून पाहायचा कसोटीचा दगड, तो पात्र-अपात्र ठरवतो, किती झालं ते सांगत नाही. ‘निर्देशांक’ म्हटलं की महागाई आणि शेअर बाजार आठवतात. काय सुचवाल?

प्रतिसाद

सामाईक पटलं. पण सामाईक विहिरीचा गाळ कुणी काढायचा, हे आधी ठरवा. भागीचं घोडं किवणानं मेलं, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. मी चाकणला पंचवीस वर्षं काढली. ‘सगळ्यांचं’ टार्गेट मार्चमध्ये कुणाचंच नसतं. इंग्रजी स्क्रीनवर त्यासाठी ‘ओनर’ असतो, त्याला कृपा करून ‘मालक’ म्हणू नका. कारखान्यात मालक एकच असतो आणि तो केबिनमध्ये बसतो.

प्रतिसाद

मी जपानी शिकवते, म्हणून थोडं अवांतर. विभागाविभागांत उद्दिष्टं जुळवण्याच्या जपानी पद्धतीला ‘होशिन कान्री’ म्हणतात. ‘होशिन’मधलं पहिलं अक्षर दिशेचं, दुसरं सुईचं. आपल्या ‘उद्दिष्ट’मध्येही ‘दिश्’ धातूच आहे, दाखवणं या अर्थाचा. त्यामुळे तुम्ही ‘लक्ष्य’ न घेता ‘उद्दिष्ट’ घेतलंत ते मला फार आवडलं. त्याच पद्धतीत वरच्यांनी आकडा खाली टाकायचा, खालच्यांनी तो तपासून परत वर टाकायचा, असं चालतं; त्याला ‘कॅचबॉल’ म्हणतात. याला मराठीत काय म्हणावं?

धागा सुरू करणारीकडून

‘लक्ष्य’ टाळायला आणखी एक कारण होतं. टाइप करताना त्याचं ‘लक्ष’ होतं आणि स्क्रीनवर ‘लक्ष 12 लाख’ येतं. नुसत्या आकड्यासाठी सरकारी कागदांतला ‘लक्ष्यांक’ घेते आहे. रेशनच्या कामातला ‘इष्टांक’ही सुंदर आहे, पण कारखान्यात तो कुणाला कळणार नाही.

घोड्याच्या म्हणीने माझं डोकं चाललं. न वाटलेल्या मिळकतीचा कारभार एकत्र कुटुंबात कोण बघतो? कर्ता. मालकी सगळ्यांची, व्यवहार कर्त्याचा. तेव्हा ‘ओनर’ म्हणजे ‘कर्ता विभाग’ आणि बाकीचे ‘सहभागी विभाग’. आकडा कर्ता विभागच भरेल, सहभागींना तो दिसेल आणि त्यावर शेरा लिहिता येईल.

‘कॅचबॉल’ला सध्या ‘देवाणघेवाण’ सुचतंय, पण त्यात परत तपासण्याचा भाग येत नाही. ‘मेझर’ला ‘मोजणी’ लिहून बघते. सोमवारी मशीन शॉपमधल्या चौघांना स्क्रीन दाखवणार आहे, मी काही न सांगता ते काय भरतात ते इथे लिहीन.