बीए प्रथम वर्षाला इंग्रजी ग्रामर ग्रुपमध्ये शिकवतेय, पण अडकलेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते, हे दुसरं वर्ष. बीए प्रथमला कंपल्सरी इंग्लिश, पटावर ७० च्या वर नावं, तासाला ३५-४० जण असतात, त्यातले बरेच एसटीने अप-डाउन करणारे, गाडी चुकली की पहिला तास गेलाच. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की काही लेकरं आईबापासोबत जातात, काही मागे म्हातारी माणसं आणि जनावरं सांभाळायला थांबतात, म्हणजे जे काय पक्कं करून घ्यायचं ते त्याच्या आत.

यंदा ठरवलं होतं की फळ्यावर नियम लिहा आणि वहीत उतरवून घ्या हे करायचंच नाही. वर्गात एक प्रोजेक्टर आहे, नेट माझ्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. पाच-पाच जणांचे ग्रुप केले, दर ग्रुपला एक मोबाईल, आणि कहूट या मोबाईलवरच्या क्विझच्या खेळात टेन्सचे प्रश्न घेतले. पहिल्या दिवशी वर्ग नुसता दणाणला, शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा उभी राहून ओरडत होती, मला इतकं बरं वाटलं की घरी जाऊन रात्री बारापर्यंत पुढचे प्रश्न तयार केले.

दोन आठवड्यांनी नीट बघितलं तर वेगळंच. कहूटमध्ये जितकं लवकर बटण दाबाल तितके पॉइंट जास्त, त्यामुळे ग्रुपमधला जो सेमी इंग्लिशचा असतो तो मोबाईल धरून बसतो, बाकीचे चौघं स्क्रीनकडं बघत. वर्कशीट दिली तरी तेच, पाचही नावं एकाच अक्षरात लिहिलेली. एका मुलीला बाजूला घेऊन विचारलं की तू कामून बोलत नाहीस गं, तर म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळं चुकलं तर आमचा ग्रुप हरतो, मग सगळे मलाच बोलतेत." हे ऐकल्यापासून डोक्यातून जाईना, कारण ज्यांच्यासाठी ग्रुप केले तेच त्यात दबून गेलेत.

आणि ग्रामरचं म्हणाल तर सगळ्यात चिवट चूक सिन्स आणि फॉरची. हीच मुलगी लिहिते, 'आय अ‍ॅम स्टेइंग इन हॉस्टेल सिन्स टू मंथ्स'. नियम विचारला तर पाठ आहे, पॉइंट ऑफ टाइमला सिन्स, पीरियडला फॉर, घडाघडा म्हणून दाखवते. वाक्य लिहायला घेतलं की परत सिन्स. आता मराठीत आपण सोमवारपासूनही म्हणतो आणि दोन महिन्यांपासूनही म्हणतो, आपल्याला एकच पासून पुरतं, मग तिला तिथं दोन वेगळे शब्द लागतात हे आतून जाणवणार कसं. शिवाय आपण 'राहते' म्हणतो, वर्तमानकाळच, त्यामुळे 'हॅव बीन स्टेइंग' तिला सुचतच नाही.

तर विचारायचं हे की प्रत्येकाला तोंड उघडावंच लागेल पण चुकल्याची लाज वाटणार नाही असं ग्रुपचं काम कुणी करून बघितलंय का? मोबाईल वर्गात जेमतेम निम्म्या जणांकडं चालू नेटपॅकसह असतात हे धरून सांगा. प्रत्यक्ष केलेलं सांगितलंत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १ (परभणी)

मॅडम, मोबाईल मुलांच्या हातातून काढूनच टाका, प्लिकर्स वापरून बघा. कागदी कार्डं असतात, ४० चा संच त्यांच्या साइटवरून प्रिंट मारता येतो, दर कार्डावर वेगळा काळा आकार आणि चार बाजूंना ए बी सी डी बारीक अक्षरात. मुलानं आपलं उत्तर वरच्या बाजूला धरून कार्ड उंच करायचं, तुम्ही फक्त तुमचा मोबाईल वर्गावरून फिरवायचा, कुणाचं काय उत्तर ते तुम्हाला दिसतं. शेजारच्याला कळत नाही कारण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. घाईला मार्क नाहीत. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, उजेड पडला की स्कॅन होत नाही, मी केलं होतं आणि सगळी कार्डं परत काढावी लागली. आधी एकेकट्यानं कार्ड दाखवू द्या, मग दोन मिनिटं ग्रुपमध्ये चर्चा, मग तोच प्रश्न परत. किती जणांनी उत्तर बदललं ते बघण्यातच खरी मजा आहे.

प्रतिसाद २ (लातूर)

ताई, ३० वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. लेकरू गप बसतं कारण त्याच्याजवळ द्यायला काही नसतं, ते आधी त्याच्या हातात द्या. डिक्टोग्लॉस म्हणून एक पद्धत आहे, रूथ वाजनरिब यांनी १९९० मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. चार-पाच वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगानं दोनदा वाचायचा, सगळं उतरवता येऊच नये असा वेग. जे शब्द पकडले ते प्रत्येकानं टिपायचे आणि मग ग्रुपनं मिळून उतारा परत उभा करायचा. इथं हुशार पोराचंही दोन-तीन शब्दांपाशी अडतं आणि नेमका तो शब्द शेवटच्या बाकावरच्या पोरीच्या वहीत असतो. पेन मात्र ज्याला कमी येतं त्याच्याच हातात, बाकीच्यांनी सांगायचं. शेवटी मूळ उतारा प्रोजेक्टरवर दाखवा आणि आपला कुठं वेगळा झाला ते त्यांनाच शोधू द्या, तुम्ही लाल पेन काढू नका. सिन्स-फॉरसाठी यासारखं दुसरं नाही, कारण तिथं 'सिन्स जून' का 'फॉर जून' यावर लेकरं आपसात भांडतात, मराठीतून का होईना. मराठीत भांडू द्या बरं का, त्याला अडवू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सर, पेनाचं तुम्ही सांगितलेलं लगेच वहीत लिहून ठेवलं, मी आजवर पेन जो लवकर लिहितो त्याच्याच हातात देत आले. उतारा आत्ताच लिहिलाय, बसस्टँडच्या कँटीनवर काम करणाऱ्या बहिणीचा, 'शी हॅज बीन वर्किंग देअर सिन्स जून', पुढं 'शी हॅज बीन सेव्हिंग मनी फॉर थ्री मंथ्स', असा. गुरुवारी दुसऱ्या तासाला घेते, तोवर सगळ्या गाड्या येऊन जातात. कार्डं उद्या झेरॉक्सवाल्याकडून साध्या जाड कागदावर काढते. एकच विचारायचं राहिलं सर, ज्या ग्रुपमध्ये कुणालाच काही पकडता आलं नाही त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा वाचावं का, की तसंच पुढं जावं?